मोबाइलवर बेज, भिंतीवर जांभळट : एका बैठकीच्या खोलीच्या रंगमंजुरीचे प्रकरण

डबा बरोबर, रंगारी हाताचा चांगला, लांबी (पुट्टी) आणि प्रायमर व्यवस्थित, आणि तरीही दुसरा हात वाळल्यावर घरमालक म्हणतात, "हा आम्ही निवडलेला रंग नाही." अशा तक्रारीत सगळ्यांचे बोट आधी डब्याकडे जाते. प्रत्यक्षात गडबड बऱ्याचदा त्याआधीच, रंगाला होकार देताना झालेली असते. असे एक नमुन्याचे प्रकरण इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडले आहे. मापे, कोड आणि दिव्यांचे आकडे मुद्दाम दिले आहेत, म्हणजे आपापल्या खोलीशी ताडून बघता येईल.

खोली, माणसे आणि पहिला होकार

बैठकीची खोली ४.८ बाय ३.६ मीटर, उंची २.८ मीटर. एका ३.६ मीटरच्या भिंतीत २.४ बाय १.५ मीटरची सरकती खिडकी. खिडकीतून थेट ऊन कधीच येत नाही. येतो तो आकाशाचा उजेड, आणि समोरच्या दाट झाडांवरून परतलेला थोडा हिरवट उजेड. फरशी लालसर तपकिरी, दोन्ही दारांना तांबूस पॉलिश, जुन्या भिंती पिवळसर क्रीम. छताला ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या दोन एलईडी ट्यूब आणि सोफ्याशेजारी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे दोन दिवे. संध्याकाळी बहुतेक वेळ हे शेजारचे दिवेच चालू असतात.

रंग ठरवणारी माणसे तीन : पती, पत्नी आणि पतीची आई. आई दिवसातला सर्वांत जास्त वेळ या खोलीत असतात आणि खिडकीच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात बसून वाचतात. ही माहिती सुरुवातीला कुणी विचारलीच नव्हती. शेवटचा निर्णय मात्र या माहितीवरच फिरला.

पहिली निवड रात्री झाली. शेजारच्या दिव्यांच्या उजेडात खोलीचा फोटो काढला, मोबाइलमधल्या अ‍ॅपने भिंतींवर शेड चढवली. मोबाइलमध्ये रात्री निळा प्रकाश कमी करणारी सोय आपोआप चालू झालेली होती. शेड होती एनसीएस या रंगांना कोड देणाऱ्या पद्धतीतली एस २००२-आर. कोड वाचायला सोपा आहे : पहिले दोन आकडे काळेपणाचे, म्हणजे २० टक्के, पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, म्हणजे २ टक्के, शेवटचे अक्षर रंगाच्या कुळाचे, इथे लाल. म्हणजे लालाकडे जेमतेम झुकलेला फिका करडा. पिवळट केलेल्या पडद्यावर तो मऊसूत बेज दिसला. पतीने शेडचा स्क्रीनशॉट पाठवून खाली "हाच" असे लिहिले. ही मंजुरी. त्यावर ९ लिटर मॅट (बिनचकाकीचे) इमल्शन टिंट करून, म्हणजे मूळ मालात (बेस) शेडची रंगद्रव्ये (कलरंट) मिसळून आले. टिंट केलेला डबा सहसा परत घेतला जात नाही, हे लक्षात असू द्या.

रंगाऱ्याने खिडकीसमोरची भिंत आधी घेतली. पहिला हात अर्धवट वाळत असतानाच पत्नी म्हणाल्या, "अहो, हा जांभळा वाटतोय." रंगारी म्हणाला, "ताई, दुसरा हात बसू द्या, मग बघा." त्याचे म्हणणे रास्त होते. इमल्शन ओले असताना दुधाळ आणि फिके दिसते, वाळल्यावर गडद होते. शिवाय पहिल्या हातातून खालचा क्रीम डोकावत असतो. पहिल्या हातावर कुणीही, काहीही ठरवू नये. पण दुसरा हात बसून रात्र उलटली, सकाळी पडदे उघडले, आणि भिंत खरोखरच फिक्या जांभळ्याकडे झुकलेली दिसली. काम थांबवले गेले.

डबा चुकला का, हे आधी

वाद वाढण्याआधी एक गोष्ट तपासून मोकळे व्हावे : डब्यातला रंग मागितलेल्या कोडचाच आहे का? झाकणावरच्या लेबलवर शेडचा कोड, बेसचे नाव, बॅच आणि कलरंटचे प्रमाण छापलेले असते. कोड आणि बेस ऑर्डरशी जुळवायचा. मग डबा तळापासून नीट ढवळून त्याच रंगाचे दोन हात जाड पांढऱ्या कार्डावर द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि मूळ शेडकार्डाचा तुकडा त्यावर थेट टेकवून दिवसाच्या उजेडात बघायचे. मध्ये फट ठेवायची नाही. फट असली की डोळा त्या फटीच्या रंगाने फसतो. चकाकीही सारखी हवी, नाहीतर मॅट नमुना कार्डापेक्षा उगाच फिका भासतो.

या प्रकरणात कड ओळखू येईना इतके दोन्ही जुळले. टिंटिंग बरोबर होते. म्हणजे भिंतीवर होता तो मंजूर केलेलाच रंग. मंजूर करणाऱ्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

तो जांभळट का दिसला

कारणे चार, आणि ती एकमेकांत मिसळलेली. वेगळी करून पाहिली तरच पुढची निवड सुधारते.

पहिले कारण उजेडाचे. ज्या खोलीत ऊन येत नाही तिथे भिंतीवर पडतो तो निळ्या आकाशाचा उजेड. त्याचे रंगतापमान ७००० केल्विनच्या वर सहज जाते, निरभ्र दिवशी १०,००० च्याही पुढे. निवड झाली होती २७०० केल्विनच्या दिव्याखाली. लालाकडे झुकलेल्या करड्यावर निळा उजेड पडला की लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, इतके हे सरळ आहे. पिवळ्याकडे झुकलेल्या करड्याच्या बाबतीत त्याच निळ्या उजेडाने पिवळेपणा थोडा मारला जातो आणि भिंत शांत करडी राहते. म्हणून ऊन न येणाऱ्या खोलीसाठी करडा निवडताना त्याचे कूळ कोणते हा पहिला प्रश्न, आणि तो किती गडद हा दुसरा.

दुसरे कारण शेजारच्या रंगांचे. डोळा कुठलाही रंग एकटा वाचत नाही. शेजारी जे असेल त्याच्या उलट बाजूला तो बघितलेला रंग ढकलतो. तांबूस पॉलिशच्या दाराशेजारी करडा निळसर होतो. पिवळसर क्रीम भिंतीला लागून तोच करडा जांभळट दिसतो. इथे दोन्ही हजर होते : त्याच भिंतीत दार, आणि बाजूच्या दोन भिंती अजून क्रीमच. तिसरे कारण झाडांचे. डोळा हिरवट उजेडाला सरावला की तटस्थ करडा गुलाबीकडे सरकल्यासारखा वाटतो. परिणाम छोटा, पण त्याच दिशेचा.

चौथे कारण मोबाइलचे, आणि यावर थोडे थांबायला हवे, कारण घरोघरी रंगाची पहिली पायरी आता हीच आहे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो, भिंत पडलेला प्रकाश परतवते. कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपल्या अंदाजाने बदलतो. एकाच भिंतीचे पाठोपाठ काढलेले दोन फोटो वेगळ्या रंगाचे येतात. रात्रीची सोय पडद्यावरचा निळा काढून घेते, म्हणजे जांभळट छटा दाखवणारा घटकच जातो. अ‍ॅप फोटोतल्या भिंतीच्या जागी शेडचे आकडे भरते. खिडकीबाहेर झाडे आहेत आणि फरशी लालसर आहे, हे त्याला माहीत नसते. यातली एकही गोष्ट अ‍ॅपचा दोष म्हणता येणार नाही. चूक आहे ती त्या चित्रावर सही करण्यात. पडद्यावर शेड बाद करता येते, पसंत करता येत नाही, आणि घरमालकांना हे काम सुरू होण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

दुसरी निवड : आधी दिवे, मग रंग

फेरनिवडीत पहिले काम शेडकार्ड उघडण्याचे नव्हते. खोलीत कायम राहणार असलेल्या वस्तूंची यादी केली : फरशी, दारे, सोफा. पडदे बदलायचे होते, म्हणून पडद्याचे कापड आधी पक्के केले. दिवेही आधी बदलले. ६५०० आणि २७०० केल्विन एकाच खोलीत असतील तर कुठलाही फिका रंग संध्याकाळी दोन वेगळ्या भिंतींवर दोन वेगळे चेहरे दाखवतो. छतावर ४००० केल्विन आणि शेजारी ३००० केल्विनचे दिवे आले, दोन्ही सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे १०० पैकी माप) ९० किंवा वर. सीआरआय कमी असलेल्या दिव्याखाली लालसर छटा मरगळतात. तांबूस दारे आणि बेज भिंती असलेल्या खोलीत ते लगेच जाणवते. रंग लावून झाल्यावर दिवे बदलणे म्हणजे मंजुरी पुन्हा शून्यावर आणणे.

भिंत पडद्याच्या कापडाशी हुबेहूब जुळावी, अशी पत्नीची इच्छा होती. हे टाळायला सांगितले गेले. कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग वेगळ्या रंगद्रव्यांनी बनतात. दिवसा तंतोतंत जुळलेली जोडी रात्री दिव्याखाली फाटून दिसू शकते. मुद्दाम दोन पायऱ्यांचे अंतर ठेवले तर ही अडचण येत नाही.

मग कायम वस्तूंचा सूर ओळखला. कोरा पांढरा कागद फरशीला, दाराला, सोफ्याला टेकवून बघायचे, मूळ झुकाव उघडा पडतो. शेडकार्डाच्या पट्टीवर हेच करायची युक्ती वेगळी आहे : फिक्या शेडचे कूळ कळत नसेल तर त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड बघा. वरचा फिका करडा सगळीकडे सारखाच दिसतो, पण खालचा गडद जांभळट, हिरवट की खाकी हे लपत नाही. मात्र पट्टीतल्या शेड एकाच कुळातून उतरत गेलेल्या आहेत ना, हे कोड पाहून खात्री करावी. आणि एक शेड बघताना बाकीच्या झाका. पांढऱ्या कार्डाला चौकोनी भोक पाडून ते शेडवर ठेवले की काम भागते.

शिल्लक राहिल्या दोन नव्या शेड : एस २००५-वाय२०आर, म्हणजे पिवळ्याकडून लालाकडे २० टक्के सरकलेला बेज-करडा, आणि एस २००२-जी, हिरवट करडा. तिसरी म्हणून जुनी एस २००२-आर मुद्दाम ठेवली. नाकारलेला रंग नमुन्यांत असला की तुलना नेमकी होते आणि "मागचाच बरा होता का" हा प्रश्न नंतर उरत नाही.

पडद्यावरचे चित्र, योग्य कामाला

अ‍ॅप टाकून दिले नाही. नवा फोटो भर दुपारी काढला : सगळे दिवे बंद, पडदे पूर्ण उघडे, मोबाइल कोपऱ्यात छातीच्या उंचीवर आडवा, कॅमेऱ्याचे एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) स्थिर केलेले, भिंतीवर ए४ आकाराचा कोरा कागद चिकटवलेला. नंतर चित्रात त्या कागदाला पांढरे धरून रंगसमतोल सुधारला. जुनी भिंत क्रीम होती, म्हणून भिंतीचा भाग आधी रंगहीन केला आणि त्यावर शेड गुणाकार पद्धतीच्या (मल्टिप्लाय) थराने, म्हणजे खालच्या सावल्या कायम ठेवून चढवली. ही पायरी गाळली तर जुना क्रीम नव्या रंगात मिसळतो आणि प्रत्येक शेड आहे त्यापेक्षा उबदार दिसते. शेड सपाट भरली तर सावल्या पुसल्या जातात, भिंत कागदी दिसते आणि घरमालक खोलीबद्दल चुकीचा अंदाज बांधतात.

या चित्रांना फक्त मांडणीचे प्रश्न विचारले. छत पांढरे की भिंतीच्याच रंगाचे? एक भिंत गडद करायची का? चित्र रंगहीन करून पाहिले तेव्हा गडद भिंत आणि सोफा एकाच पातळीचे निघाले. सोफा भिंतीत विरघळत होता. गडद भिंतीचा विचार तिथेच संपला. छत पांढरे ठरले, पण निळसर शुभ्र नव्हे. निळसर पांढऱ्याखाली बेज-करडा मळकट दिसतो.

फळ्या

थेट भिंतीवर पट्टे ओढून नमुना बघण्याची सवय सगळीकडे आहे. ती सोडावी. जुन्या क्रीमने वेढलेला छोटा चौकोन खोटा रंग दाखवतो. चार पट्टे शेजारी ओढले तर ते एकमेकांना बिघडवतात. आणि पट्ट्यांच्या कडा घासून काढल्या नाहीत तर तिरप्या उजेडात त्या नव्या रंगाखालून उठून दिसतात.

त्याऐवजी ३ मिलिमीटर हार्डबोर्डच्या ६० बाय ६० सेंटिमीटरच्या फळ्या, प्रत्येक शेडसाठी दोन. आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग प्रत्यक्ष भिंतीवर जाणार असलेल्याच इमल्शनचे दोन हात, भिंतीसाठी वापरायचा त्याच जातीच्या छोट्या रोलरने. दोन हातांमध्ये साधारण ४ तास, आणि बघण्याआधी २४ तास. हिशेब असा : ०.३६ चौरस मीटर गुणिले दोन फळ्या गुणिले दोन हात, म्हणजे १.४४ चौरस मीटर. लिटरला एका हातात १० ते १२ चौरस मीटर धरले तर १२० ते १४५ मिलिलिटर, वर रोलर पितो ते. २०० मिलिलिटरचा नमुना डबा एका शेडला पुरतो. फक्त त्या नमुना डब्यातला माल आणि शेवटचा माल एकाच चकाकीचा आहे ना, हे विचारून घ्या. अनेकदा नसतो.

फळी कडेपर्यंत रंगवायची आणि मागे तिच्यापेक्षा मोठा पांढरा कागद लावायचा, म्हणजे जुन्या भिंतीपासून ती तुटते. ठेवायची उभी. टेबलावर किंवा जमिनीवर आडवी ठेवलेली फळी छताचा उजेड थेट घेते आणि भिंतीपेक्षा फिकी दिसते; कितीतरी गडद निवडी याच कारणाने होतात.

जागा तीन ठरवल्या. खिडकीसमोरची भिंत, जिथे सर्वांत जास्त उजेड. खिडकीची स्वतःची भिंत, जी डोळ्यांवर येणाऱ्या उजेडामुळे कायम सर्वांत काळवंडलेली दिसते. आणि एक कोपरा, जिथे एकाच शेडच्या दोन फळ्या काटकोनात उभ्या. या कोपऱ्याचे महत्त्व मोठे आहे. चारही भिंती रंगल्यावर प्रत्येक भिंत समोरच्या आणि बाजूच्या भिंतीचा रंगीत उजेड झेलते, त्यामुळे रंग एकट्या नमुन्यापेक्षा अधिक चढलेला वाटतो. दोन फळ्या काटकोनात आल्या की मधल्या खाचेत हा चढलेला रंग आधीच दिसतो.

पाहणे आणि लिहिणे

दोन दिवस, प्रत्येक दिवशी चार वेळा : सकाळी, दुपारी, दिवेलागणीला खिडकीचा उजेड आणि दिवे मिसळलेले असताना, आणि रात्री नुसत्या दिव्यांत. एक दिवस ढगाळ मिळाला, तो उपयोगी पडला. तिघांनी आपापल्या कागदावर आधी लिहायचे, मग बोलायचे. "आवडला का" असा प्रश्न कागदावर नव्हता. प्रश्न होते : कोणत्या रंगाकडे झुकलेला वाटतो? या जागी उजेड पुरेसा वाटतो का? दाराशेजारी कसा दिसतो? यासोबत राहता येईल का? एकत्र बसून पाहिले की घरात ज्याचा आवाज आधी निघतो त्याचाच रंग ठरतो. वेगळे लिहिले की मतभेद कशाबद्दल आहे ते कळते, आणि तो सुटतो.

एस २००२-आर : दिवसाच्या प्रत्येक वेळी पती-पत्नी दोघांनीही "जांभळट" लिहिले, नव्या ४००० केल्विनच्या दिव्यांत मात्र तोच सरळ करडा. एस २००२-जी : दुपारी झाडांचा उजेड आत आला की स्पष्ट हिरवा, पहिल्याच दिवशी बाद. एस २००५-वाय२०आर : दिवसा शांत बेज-करडा, रात्री किंचित पिवळा, दारांशी उत्तम, पण खिडकीच्या भिंतीवर गढूळ.

आईंच्या कागदावर दिवसाच्या नोंदींत जुनी शेड आणि बेज-करडा यांच्यात रंगाचा फारसा फरकच नव्हता. सून म्हणाली, "आई, हा जांभळा नाही वाटत तुम्हाला?" त्यांना वाटत नव्हता, आणि त्यांना खोडून काढायचे काही कारण नव्हते. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळ्या-जांभळ्या बाजूचे बारीक फरक ओळखणे जड जाते. पुरुषांमध्ये लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे बरेच असतात, हेही अशा वेळी ध्यानात ठेवावे. दोघांपैकी एक जण हट्टी आहे असे धरण्याआधी त्याला फरक दिसतो का ते बघावे. आईंनी तीनही शेडपुढे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली होती : "माझ्या कोपऱ्यात अंधार."

हीच नोंद निर्णायक ठरली. शेडकार्डाच्या मागे एलआरव्ही म्हणजे प्रकाश परावर्तनाचे मूल्य छापलेले असते, ० ते १०० मध्ये. फळ्यांवरच्या शेड साठच्या जवळपास होत्या. त्याच कुळातली, तितक्याच तीव्रतेची पण काळेपणा अर्धा असलेली एस १००५-वाय२०आर सत्तरच्या पुढे जाते. तिच्या दोन फळ्या नव्याने केल्या. कुणीतरी "आधीच्याच शेडचे कलरंट निम्मे करून मागवा" असे सुचवते, तेव्हा सावध राहावे : कलरंट निम्मे केल्याने रंग बरोबर निम्मा होईलच असे नाही, झुकाव सरकू शकतो. त्यापेक्षा स्वतःचा कोड असलेली शेड घ्यावी. निम्म्यावरच अडले तर तिचीही फळी करावी, फळीवाचून मंजुरी नाही.

एस १००५-वाय२०आर खिडकीसमोर जवळजवळ पांढरी वाटली, पण पांढऱ्या कागदाशेजारी बेजपणा स्पष्ट होता, आणि कोपऱ्यातल्या दोन फळ्यांच्या खाचेत तो पुरेसा चढत होता. खिडकीच्या भिंतीवर ती गढूळ न होता नुसती सावलीत दिसली. तिघांच्याही कागदांवर "राहता येईल" असे आले. खिडकीची भिंत गडद दिसते म्हणून तिच्यापुरती आणखी फिकी शेड घेण्याचा मोह इथे टाळला. कोपऱ्यात दोन शेड भेटल्या की रात्री दिव्यांत फरक उघडा पडतो.

चकाकीचाही प्रश्न आला. पुसता यावे म्हणून पत्नींना सॅटिन, म्हणजे किंचित चकाकणारे इमल्शन हवे होते. निवडलेल्या शेडची एक फळी सॅटिनमध्ये केली : रंग किंचित गडद आणि भरीव दिसला. खरी अडचण लांब भिंतींची होती. एका बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा लांबीच्या (पुट्टीच्या) थरातले बारीक उंचसखल सॅटिनवर लाटांसारखे उठतात. धुता येणारे मॅट ठरले.

मंजुरीचा कागद

"हाच" या एका शब्दाच्या जागी एक पान आले. त्यावर भिंतनिहाय शेडचा कोड, मालाचे पूर्ण नाव, बेस, चकाकी, हातांची संख्या, छताची आणि दारांच्या चौकटींची शेड, मंजुरीच्या वेळी असलेल्या दिव्यांचे केल्विन आणि सीआरआय, कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी पाहिले, तारीख, तिघांच्या आणि रंगाऱ्याच्या सह्या. एक फळी कापून १० बाय १५ सेंटिमीटरचे तुकडे केले. एक पानाला चिकटवला, एक रंगाऱ्याकडे, एक दुकानात टिंटिंगच्या वेळी ताडून बघायला. दिव्यांची नोंद अनेकांना जास्तीची वाटते. पण पुढे कुणी रात्री पिवळे दिवे लावून "रंग बदलला" म्हटले, तर उत्तर त्या एका ओळीत असते.

पानावर एक अटही लिहिली : आधी एक पूर्ण भिंत, तिचे दोन हात, २४ तास, मग पुढचे काम.

भिंतीवर

चार भिंतींचे क्षेत्रफळ १६.८ गुणिले २.८ म्हणजे ४७ चौरस मीटर, खिडकी ३.६ आणि दोन दारे मिळून ३.८ वजा करून सुमारे ४०. दोन हातांचे ८० चौरस मीटर, म्हणजे ७ ते ८ लिटर, हाताशी राखीव धरून ९. पण ९ लिटर एकदम मागवले नाहीत. पहिल्या भिंतीला, १० चौरस मीटरला, दोन लिटर. उरलेले सात होकारानंतर. दोन वेगळ्या वेळी टिंट केलेल्या मालात बारीक फरक येऊ शकतो, म्हणून पहिली भिंत बरोबर कोपऱ्याशी संपवली. उजेडाची दिशा तिथे बदलतेच, त्यामुळे तेवढा फरक डोळ्याला सापडत नाही. नंतरचे सातही लिटर स्वच्छ बादलीत एकत्र ढवळून घेतले. भिंतीच्या मध्यावर डबा बदलणे ही टाळता येण्यासारखी आणि सर्रास होणारी चूक आहे.

जांभळट झालेल्या भिंतीवर २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात, धूळ पुसून पांढऱ्या प्रायमरचा एक हात, कारण खालचा रंग नव्यापेक्षा गडद होता. मग दोन हात. रंगाऱ्याने कडांचे ब्रशकाम आणि रोलर एकाच ओल्यात केले. कड आधी वाळली की तिची चौकट दिसत राहते. पहिला हात पडताना घरमालकांनी खोलीत न थांबणे बरे, असे आधीच सांगून ठेवले होते. २४ तासांनी पानावरचा तुकडा भिंतीला टेकवून पाहिला, दुसरी सही झाली, उरलेला माल आला.

जुन्या शेडचे सुमारे सात लिटर शिल्लक होते. त्यात पिवळा कलरंट घालून जांभळटपणा मारावा अशी सूचना आली. जांभळ्यात पिवळा घातला की दोघे एकमेकांना मारतात, पण हाती येतो तो आणखी गडद आणि मळका करडा. शिवाय ते मिश्रण पुन्हा कधीच बनवता येत नाही, म्हणजे टच-अपचा रस्ता बंद. तो माल बिनखिडकीच्या सामानाच्या खोलीत वापरला. तिथे दिवा ४००० केल्विनचा आहे आणि आकाशाचा उजेड पोचत नाही, त्यामुळे तीच शेड तिथे साधा करडा दिसते.

नव्या रंगातला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात, काठोकाठ भरून ठेवला. आत हवा जितकी कमी तितकी साय कमी धरते. डब्यावर कोड, बेस, दोन्ही बॅच, चकाकी, तारीख आणि कोणत्या भिंतीला कोणती बॅच हे लिहिले. पुढे ओरखडा पडला तर मॅटवर छोटा टच-अप मूळ हातासारख्याच छोट्या रोलरने, कडा विरवत करता येतो. हाताएवढा किंवा मोठा डाग असेल तर ठिगळ लावत बसू नये. ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक हात मारून घ्यावी.